भिंतीवरची पहिली जागा

“दोडक्याला शेवटी टाका,” विद्या म्हणाली. “या माणसाला गाता येत नाही. आणि येत नाही याचा त्याला भारी अभिमान आहे.”

“गाता येत नाही म्हणूनच तो खरा वाटतो,” हर्षद म्हणाला.

“म्हणजे दोडका तू आणलास.”

“मी कुठं तसं म्हटलं?”

“तू कधी कुणाला चांगलं म्हटलंयस? म्हणालास तर घरच्याच पोराला म्हणणार.”

रूबेन हसला, मी हसलो, आणि हर्षदनं अख्खी करंजी तोंडात कोंबून विषय मिटवला. डिसेंबरातला शेवटचा रविवार होता. नगरला तारकपूरच्या बाजूला रूबेनच्या घरामागं एक पत्र्याची खोली होती. त्याचे वडील, भिंगारदिवे काका, दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मोडक्या वस्तू टाकून देणं त्यांना पाप वाटायचं, त्यामुळं खोलीत दोन मोडक्या खाटा, एक सलाइनचा स्टँड आणि बिनकाट्याचा वजनकाटा असा सगळा संसार होता. त्या खाटांवर आम्ही चौघं सकाळपासून बसलो होतो. मध्ये नाताळच्या फराळाचं ताट, कोपऱ्यात सीडी प्लेअर आणि दोन जुने स्पीकर.

हा उद्योग कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून चालू होता. ज्यांच्यामागं मोठी कंपनी नाही, ज्यांचं गाणं रेडिओवर लागत नाही, जे गॅरेजात नाहीतर न्हाणीघरात माईक टांगून गातात, अशा जगभरच्या रॉक टोळ्यांचे अल्बम आम्ही हुडकून काढायचो. ग्लासगोचे, ओहायोचे, आपल्या शिलाँगचे. कापड बाजारामागच्या नेट कॅफेत एकेक गाणं उतरवायला दुपार जायची. आमच्या गल्लीत लोक मला विचारायचे, सुधन्वा, एवढं कानाला लावून काय ऐकतोस, तर मी इंग्रजी सुधारतोय असं सांगायचो.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी त्यातले वर्षातले सर्वोत्तम ठरायचे. प्रत्येकानं आपले दोन लाडके अल्बम कोऱ्या सीडीवर घालून आणायचे आणि काकांच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचे. वर नाव नाही, गाव नाही. मग विद्या पेटीतून एकेक काढून प्रत्येकाला एका भाजीचं नाव द्यायची. आकडे दिले तर एक नंबरचा आधीच एक नंबर वाटायला लागतो, असं तिचं म्हणणं. पहिल्या वर्षी आम्ही नावं सांगून बसलो होतो, तर आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असा प्रकार होऊन दुपारी भांडणावर आलो. तेव्हापासून हा नियम. आपण आणलेल्या अल्बमला आपण नंबर द्यायचा नाही, बाकीच्या तिघांनी द्यायचा. चिठ्ठ्या वाचल्या, बेरीज झाली, की रूबेन गेरूनं ती क्रमवारी भिंतीवर लिहायचा. भिंतीवर गेलं ते गेलं, पुढं कुणाचं मन बदललं तरी खोडायचं नाही.

त्या भिंतीवर एव्हाना सात वर्षांचे सात रकाने झाले होते. एकाही वर्षी पहिल्या नंबरावर तिघांचं एकमत झालेलं नव्हतं. होणार तरी कसं? विद्याला शब्द लागायचे. ती तेव्हा वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि गाण्याचंही पान उलटून मागची शीर बघायची. मला जरा रडकं काही लागायचं. आणि कापडाच्या दुकानात वाढलेल्या हर्षद मुनोतला काहीच पसंत पडायचं नाही. कुठलाही तागा आधी उन्हात धरून त्यातलं भोक दाखवायचं, ही त्याची सवय गाण्यालाही लागली होती. “हे ड्रम आहेत का कुणी पाटा टाकवतंय,” असं तो म्हणायचा, आणि गंमत म्हणजे त्याचं बहुतेक वेळा बरोबर असायचं.

रूबेन आमच्यात एकटाच वाजवणारा. बाकीचे आम्ही ऐकून तोंड वाजवणारे. तो गिटार वाजवायचा आणि दर रविवारी संध्याकाळी चॅपलमध्ये उपासनेला पायपेटी वाजवायचा, ते काम लहानपणीच त्याच्या पदरात पडलं होतं. पाय पेडलला पुरेनात तेव्हापासून वाजवत होता. गेली दोन वर्षं तो स्वतःचा अल्बम करत होता, हे आम्हाला माहीत होतं. ऐकव म्हटलं की “अजून कच्चा आहे” म्हणायचा. पुण्याची त्याची मावसबहीण शुलमीत सुट्टीत येऊन गाऊन जायची. तिला आम्ही एकदा ओझरती पाहिली होती, तिचा आवाज मात्र कुणी ऐकलेला नव्हता.

पण या वर्षी एक वेगळी गोष्ट होती. रूबेनच्या चुलत्यांनी मस्कतमध्ये त्याच्यासाठी नोकरी बघितली होती, एका दवाखान्याच्या औषधांच्या कोठारात. भिंगारदिवे काका निवृत्त व्हायला आले होते, धाकट्या बहिणीचं शिक्षण होतं, आणि गिटारवर कुणाचं घर चाललेलं तारकपूरनं पाहिलेलं नव्हतं. नवीन वर्ष लागलं की मस्कतला फोन करून हो किंवा नाही कळवायचं होतं. आठवड्यापूर्वी माळीवाड्याच्या स्टँडजवळ चहा पिताना त्यानं आम्हाला हे सांगितलं होतं.

“मग काय ठरवलंस?” मी विचारलं.

“डिसेंबरची बैठक होऊ दे. मग सांगतो.”

“बैठकीचा आणि मस्कतचा काय संबंध?” विद्या म्हणाली.

तो कपातली साय बोटानं बाजूला काढत बसला. तिथं गेला तर हा परत गिटार हातात घेणार नाही, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. राहा, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायचं कशाच्या जोरावर? आम्ही तिघंही आपापल्या आईबापांच्या घरी जेवत होतो.

तर त्या रविवारी वांगं झालं, दोडका झाला, भोपळा झाला. भोपळ्यावर विद्याचं आणि माझं जोरात वाजलं. मग तिनं कारलं लावलं.

पहिल्या गाण्यात एका मुलीचा आवाज होता, इंग्रजीत गाणारा, जरासा घोगरा, झोपेतून उठून कुणाला तरी हाक मारावी तसा. मागं एकच गिटार. मला वाटलं, आयर्लंडकडचं काही असेल. दुसऱ्या गाण्यात ड्रम आले, तेही लांबून, शेजारच्या घरात वाजताहेत असे. मी पाठ टेकून डोळे मिटले. चांगलं होतं. चांगलं म्हणजे काय, तर आपण ऐकतोय हे विसरायला होत होतं.

तिसरं गाणं पायपेटीनं सुरू झालं. आणि सुराच्या खालून, डावा पाय खाली गेला की दर वेळी, एक बारीकशी कुरकुर येत होती.

ती कुरकुर मी ओळखत होतो. दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं रूबेनसाठी चॅपलमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसायचो. आम्ही कुणी त्या धर्माचे नव्हतो, पण केक मिळायचा आणि रूबेनला बरं वाटायचं. तिथली ती जुनी पायपेटी. तिचं डावं पेडल असंच कुरकुरायचं, आणि हर्षद दर वर्षी माझ्या कानात म्हणायचा, “हिला जरा तेल घाला म्हणावं.” रूबेनला मात्र ते कधीच ऐकू आलं नव्हतं. ज्यांच्या घरात पिठाची गिरणी असते त्यांना गिरणीचा आवाज येत नाही, तसं. नाहीतर त्यानं हे गाणं असं ठेवलंच नसतं.

बैठकीचा आणि मस्कतचा काय संबंध, ते मला तेव्हा कळलं. त्यानं आपला अल्बम परक्यांच्या अल्बमांत बेनामी सोडून दिला होता. आम्हाला माहीत नसताना आम्ही काय म्हणतो, ते त्याला ऐकायचं होतं. वर आला तर राहायचं, खाली गेला तर जायचं. आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी त्याला आमच्याइतकं भरवशाचं कुणी वाटलं नव्हतं, कारण आम्ही कुणाच्या बापालाही सोडत नव्हतो.

मी डोळे उघडून इतरांकडं पाहिलं. विद्या नखावरचं काहीतरी खरवडत होती. हर्षद ताटातली शेव एकेक करून वेचत होता. दोघांनाही काही कळलेलं दिसत नव्हतं. रूबेन वजनकाट्याकडं बघत बसला होता, जसं काही तिथं कुणी वजन करायला उभं आहे.

गाणी सरली. त्यात शेवटचं एक होतं, ते मला अजून आठवतं. शुलमीत शब्दच गात नव्हती, नुसती गुणगुणत होती, आणि गिटार तिच्या मागं मागं, लहान पोर पदर धरून चालतं तसं. ते संपल्यावर विद्यानं सीडी काढून पाकिटात घातली.

“पुढचं लावू?” विद्यानं विचारलं.

“लाव,” हर्षद म्हणाला.

पडवळ लागलं आणि हर्षद पडवळावर तुटून पडला.

दुपारी काकूंनी मटणाचा रस्सा आणि भाकरी पाठवल्या. रूबेननं अर्धी भाकरी खाल्ली. काका येऊन दारात उभे राहिले, “काय, लागला का निकाल?” म्हणाले. आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवून गेले. ते कुठल्या निकालाबद्दल विचारत होते ते नीट कळलं नाही, पण तो हात तिथं जरा जास्त वेळ राहिला.

मग चिठ्ठ्या. मी माझी चिठ्ठी घेऊन वजनकाट्याच्या मागं जाऊन बसलो. मी स्वतःला विचारलं, सुधन्वा, हे तुला ग्लासगोहून आलेलं असतं तर कितवं ठेवलं असतंस? मी पुन्हा पुन्हा मनातल्या मनात ती गाणी रूबेनपासून सोडवून बघितली, कांद्याचा पापुद्रा काढावा तसा त्याला बाजूला काढला. तरी पहिलंच येत होतं. दुसरं लिहून बघितलं. ते खोटं वाटलं. शेवटी माझ्या कानाशी इमान राखून मी कारलं पहिलं लिहिलं, आणि मनात म्हटलं, बाकीच्या दोघांना माहीत नाही, ते आपलं ठोकतील, बेरजेत तिसरं-चौथं येईल. तेवढंही त्याला पुरेल.

विद्यानं चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. आधी रूबेनची. त्यानं दोडका पहिला ठेवला होता, हर्षदची छाती फुगली. मग तिनं स्वतःची वाचली.

“पहिलं, कारलं.”

रूबेन जागेवर सरळ झाला.

मग हर्षदची. “पहिलं,” विद्या थांबली. “कारलं.”

मी रूबेनकडं पाहत होतो. आयुष्यात मी फार थोड्या माणसांना मनापासून आनंदी होताना पाहिलंय. त्या क्षणी तो होता. त्याचे कान लाल झाले होते आणि ओठ आवळून तो हसू दाबत होता. आत्ता याला धावत जाऊन वडिलांना सांगावंसं वाटत असणार, असं मला वाटलं.

मग विद्यानं माझी चिठ्ठी उघडली, आणि तिचा आवाज पडला.

“कारलं,” ती म्हणाली.

रूबेनचं हसू अजून होतं, पण त्याची नजर हळूहळू भिंतीकडं गेली. एकेका रकान्यावरून ती फिरली. सगळीकडं आमची भांडणं होती, बेरजा होत्या, रुसवे होते. त्यानं हर्षदकडं वळून विचारलं, अगदी सहज विचारावं तसं.

“तुला काय आवडलं कारल्यात?”

“सगळंच बरं होतं,” हर्षद म्हणाला.

“तरी पण. कुठलं गाणं?”

“ते तिसरं. चॅपलमधलं.”

चॅपल हा शब्द सकाळपासून कुणीच उच्चारला नव्हता. हर्षदच्या ते ध्यानात आलं आणि त्यानं मान खाली घातली. विद्या मदतीला धावली, मोठ्या जागेतला आवाज आहे म्हणून याला तसं वाटलं असेल, असं काहीतरी बोलली, आणि बोलता बोलता स्वतःच थांबली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता.

“डावं पेडल कुरकुरतं, रूबेन,” मी म्हणालो.

“कुरकुरतं?”

“पहिल्यापासून.”

त्याचा डावा पाय जमिनीवर दोनदा खालीवर झाला. तो ऐकत असल्यासारखा थांबला.

“म्हणजे तिघांनाही कळलं होतं,” तो म्हणाला.

मी म्हणालो की मी कळूनसुद्धा खरंच, अगदी खरं तेच लिहिलंय. विद्याही काही बोलायला लागली. आम्ही दोघं एकदमच बोलत होतो आणि ते ऐकायला किती वाईट लागत होतं ते मला बोलतानाच कळत होतं. रूबेननं आम्हाला बोलू दिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर, आजारी माणसाला भेटायला आलेल्यांबद्दल आजारी माणसाच्या चेहऱ्यावर असते, तशी माया होती.

“तुम्ही माझे आहात,” तो म्हणाला. “त्यामुळं तुमचं मत मला धरता येत नाही. चूक माझी. मी तुम्हाला यात घालायला नको होतं.” मग तो हर्षदकडं वळला. “तू एक शिवी दिली असतीस ना, तर मी राहिलो असतो.”

हर्षद ताटातला करंजीचा चुरा बोटानं गोळा करायला लागला.

विद्या म्हणाली, ते काहीही असो, नियम आहे, भिंतीवर लिहायचं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात वर्गातल्या मॉनिटरची जरब. रूबेननं गेरूची वाटी घेतली. नवा रकाना आखला. एकचा आकडा घातला आणि त्याच्यापुढं काहीच लिहिलं नाही. मग दोनपुढं दोडका लिहिला, त्याचं खरं नाव विचारून, हर्षदनं सांगितलं तसं, नेहमीच्या वळणदार अक्षरात. तीन, चार, सगळे. मग त्यानं प्लेअरशेजारचं कारल्याचं पाकीट उचललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. त्याची दुसरी प्रत आमच्यापैकी कुणाकडं नव्हती.

एक तारखेला त्यानं मस्कतला फोन केला. फेब्रुवारीत गेला. माळीवाड्याच्या स्टँडवर आम्ही तिघंही पोहोचवायला गेलो, पण एकमेकांशी धड बोललो नाही. बस सुटल्यावर काका बराच वेळ तिथंच उभे राहिले आणि मग त्यांनी मला विचारलं, “तुम्ही पोरं येत जाल ना खोलीत?” मी हो म्हणालो. आम्ही परत कधी गेलो नाही.

खरं सांगायचं तर माझा त्या दोघांवर राग होता. मी इमानानं लिहिलं होतं. त्यांनी दया दाखवायला जाऊन सगळं नासवलं होतं, असं मी धरून चाललो होतो. दोघांपैकी एकानं जरी नेहमीसारखं ठोकलं असतं तर माझ्या मताला काही किंमत राहिली असती. हा राग मी बरीच वर्षं पोसला. विद्या संगमनेरला कॉलेजात शिकवायला गेली. हर्षद दुकानात बसायला लागला, समोरून गेलो तर हात करायचा, मी हात करायचो. गाणी मी ऐकत राहिलो, पण क्रमवारी लावणं सुटलं. एखादं फार आवडलं की सांगायला तोंड उघडायचं, आणि समोर कुणी नसायचं.

मग गेल्या वर्षी भिंगारदिवे काका गेले.

रूबेन मस्कतहून आला, विद्या संगमनेरहून. कबरस्तानातून परत आलो तेव्हा अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, लोक निरोपाचा सलाम करत होते, हळूहळू पांगत होते. रूबेन सगळ्यांशी नीट बोलत होता. अंगानं सुटला होता, केस विरळ झाले होते. बोटं मात्र तीच होती, लांब, आणि बोलताना स्वस्थ पडून राहणारी. पूर्वी ती सारखी काहीतरी वाजवत असायची, मांडीवर, टेबलावर.

आम्ही तिघं नकळत मागच्या खोलीकडं गेलो. घर विकायचं ठरलं होतं, खोली पडणार होती. आत वजनकाटा अजून होता. पत्रा गळून भिंतीला ओल आली होती, तरी गेरू वाचता येत होता. शेवटच्या रकान्यात एक, आणि पुढं कोरी जागा.

आम्ही बघत उभे राहिलो. मग विद्या माझ्याकडं न बघता म्हणाली, “तुम्ही दोघांनी त्या दिवशी नसतं केलं तसं, तर?”

“काय नसतं केलं?” मी म्हणालो.

“त्याच्यासाठी म्हणून पहिलं नसतं दिलं तर. माझं खरं होतं.”

“तुझं खरं होतं?” मी तिच्याकडं वळलो. “माझं खरं होतं. तुम्ही दोघांनी दया केली.”

“मी कशाला दया करीन?” विद्या म्हणाली. “ओळखल्यावर तर मी दुसरं लिहिणार होते, मुद्दाम, पक्षपात नको म्हणून. माझ्याच्यानं लिहवलं नाही.”

आम्ही दोघांनी हर्षदकडं पाहिलं. त्याचं पोट सुटलं होतं, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा होता. तो भिंतीवरच्या कोऱ्या जागेला हात लावून उभा होता.

“हर्षद, तू तर त्या दिवशी एक अक्षर बोलला नव्हतास,” मी म्हणालो. “नेहमीसारखं नाव तरी ठेवायचंस.”

“काय ठेवू?” हर्षद म्हणाला. “सगळा अल्बमभर शोधत होतो रे. नाव ठेवायला काही सापडलंच नाही.”

बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. आम्ही तिघं तिथं उभे होतो आणि आम्हाला एकमेकांची लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खाली, इतक्या वर्षांनी, एक वेडा आनंदही होता. ते खरंच पहिलं होतं. तिघांनी वेगवेगळं ऐकून, वेगवेगळ्या कानांनी, एकमेकांना न सांगता ते पहिलं ठरवलं होतं. आमच्या सगळ्या वर्षांत असं एकदाच झालं होतं.

“त्याला सांगू या,” विद्या म्हणाली. “आत्ता.”

अंगण रिकामं झालं होतं. रूबेन एकटा खुर्च्या गोळा करत होता. आम्ही त्याला घेरूनच उभे राहिलो. विद्यानं सगळं सांगितलं, अगदी शिकवल्यासारखं, एकही गोष्ट न सोडता. हर्षद मध्येच म्हणाला, शपथेवर सांगतो. मी विचारलं, ती सीडी कुठंय, आहे का अजून? मस्कतच्या पहिल्याच उन्हाळ्यात गाडीच्या काचेशी राहिली, पार वाकली, असं तो म्हणाला. शुलमीतकडं होती ती आधीच हरवली होती.

“गाणी डोक्यात तरी असतील ना?” मी म्हणालो.

तो आमच्या तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता. विद्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हर्षद चष्मा पुसत होता. माझं काय दिसत होतं कुणास ठाऊक. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर तीच माया आली, खोलीतली.

“तिघांनीही पहिलं दिलं,” तो म्हणाला. “मनापासून.”

“तिघांनीही,” विद्या म्हणाली.

“आज पप्पांना मातीत ठेवून आलोय. आज तुम्ही मला दुसरं काय सांगणार?” तो हसला आणि त्यानं हर्षदच्या खांद्यावर हात ठेवला. “बघा. परत तिघांचं एकमत.”

मग चहा घेतलात ना, असं त्यानं विचारलं, आणि उरलेल्या खुर्च्या एकात एक घालायला लागला.